टेक्सासातली हजेरी

अमेरिकेत आल्यावर नायगारा बघावा, न्यूयॉर्कचा पुतळा बघावा आणि भारतात गेल्यावर चार लोकांना अल्बम दाखवून चहा पाजावा, अशी आपली रीत. ते सगळं मी केलंय. पण २००६च्या जूनमध्ये मी तीन दिवसांसाठी अशा एका गावाला जाऊन आले, जिथे बघण्यासारखं म्हणाल तर काहीच नाही. एक पाण्याची टाकी, दोन चर्च, एक पेट्रोल पंप, संपलं गाव. नायगारा बघून मला कुणाचा हेवा वाटला नव्हता. या गावात मात्र मी तीन दिवस नुसती जळत होते. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या लोकांनी मला जेवू घातलंय, आणि मी त्यांच्याबद्दल जे जे मनात आणलं ते काही चांगलं नव्हतं.

जायचं निमित्त लॉरेटा. नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावात एका औषध कंपनीत मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, तिथे शेजारच्या क्युबिकलमध्ये ती बसते. काळी, उंच, मोठ्यांदा हसणारी. मूळची टेक्सासची. दरवर्षी जून उजाडला की ती रजा टाकते आणि गावी पळते, जूनटीन्थसाठी. हा त्यांचा गुलामगिरीतून सुटल्याचा दिवस. मुक्तीचा हुकूम निघून अडीच वर्षं झाली, तरी टेक्सासातल्या गुलामांना कुणी ते सांगितलंच नव्हतं. ते आपले कापूस वेचत राहिले. मग १८६५च्या जूनमध्ये सैन्य आलं आणि हुकूम वाचून दाखवला. तो दिवस ही माणसं अजून साजरा करतात. त्या वर्षी लॉरेटानं आम्हालाही बोलावलं. आम्हाला म्हणजे मला, माझ्या अकरा वर्षांच्या रियाला आणि आमच्याच टीममधल्या मुग्धाला. मुग्धा पुण्याची, माझी इथली सगळ्यात जवळची मैत्रीण, मराठी मंडळाच्या गणपतीची सगळी सूत्रं तिच्या हातात. माझा नवरा प्रशांत ऐनवेळी गळाला. त्याच्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. त्याचं कायमच रिलीज असतं.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मी नागपूरची. ज्या वस्तीत वाढले तिथे चौदा एप्रिलला दिवाळीपेक्षा मोठा सण असतो. कुणाची जयंती ते मराठी वाचकाला सांगायला नको. आमचं आडनाव मात्र गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' असलेलं, त्यावरून काही उमगत नाही. कॅरीत आलो तेव्हा मंडळातल्या पहिल्याच भेटीत एका काकूंनी विचारलं, "कर म्हणजे मूळचे कुठले तुम्ही? देवी कुठली?" प्रशांतनं माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं, "माहूर." झालं. त्या एका शब्दावर बारा वर्षं काढली. मंडळात कुणाला माहीत नाही. मुग्धाला माहीत नाही. आणि रियाला माहीत नाही. आईला नातीचं नाव यशोधरा ठेवायचं होतं, मी भांडून रिया ठेवलं, कारण रियावरून कुणालाच काही कळत नाही. तिला योग्य वेळी सांगू, असं मी दरवर्षी ठरवायचे. ती वेळ काही येत नव्हती.

शुक्रवार

ह्यूस्टनला विमानातून उतरलो ते थेट वाफेत. नागपूरच्या उन्हाचा मला माज आहे, मे महिन्यात चप्पल डांबराला चिकटते तिथली मी. पण नागपूरचं ऊन भाजतं, हे उकडतं. भाड्याच्या गाडीत बसलो आणि लक्षात आलं की इंटरनेटवरून छापून आणलेल्या नकाशाचं तिसरं पान मुग्धा विमानात विसरली. तिनं त्यात तिखटमिठाच्या पुऱ्या गुंडाळल्या होत्या. पहिल्या दोन पानांवर आम्ही दोन तास नीट गेलो, मग एका गुरांच्या फाटकापाशी रस्ता संपला. तिथे घोड्यावर बसलेला एक म्हातारा भेटला. लॉरेटाच्या आत्याआजीचं नाव काढताच तो हसला आणि घोडा वळवून आमच्या पुढे चालू लागला. दोन मैल आम्ही त्या घोड्याच्या मागे दहाच्या स्पीडनं ड्राइव्ह केलं. रियाला हसून हसून उचकी लागली.

आत्याआजी म्हणजे आंट पर्ल. वय चौऱ्याऐंशी, चाळीस वर्षं शाळेत शिकवलेलं, डोक्यावर पुरुषी हॅट. ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसूनच तिनं आम्हाला पाणी दिलं, आइस टी दिला, आणि मग हात मांडीवर ठेवून विचारलं, "नाऊ, हू आर युअर पीपल?"

तुमची माणसं कोण? कुठून आलात असं नाही, काय करता असंही नाही. तुम्ही कुणाचे? हा प्रश्न मी ओळखते, म्हटलं. आपल्याकडे तो चार तुकड्यांत विचारतात. गाव कुठलं, आडनाव काय, मग त्या अमक्यांचे तुम्ही कोण, आणि देवी कुठली. चौथ्या तुकड्यापर्यंत माणूस बरोबर चाळला जातो. पण आंट पर्लच्या आवाजात ती चाळणी नव्हती. तिला खरंच फक्त माझी माणसं हवी होती, ही पंचाईत.

मुग्धानं उत्तर दिलं. तिला कधी अडत नाही. पणजोबा वैद्य होते, लांबून लोक औषधाला यायचे, घरात सव्वाशे वर्षांचा गणपती, सगळं तिनं झकास इंग्लिशमध्ये सांगितलं. खोटं एक अक्षर नाही, मिरवणंही नाही, श्वास घ्यावा तसं सांगितलं. आणि मग मला कोपरानं ढोसून प्रेमानं म्हणाली, "शी इज जस्ट लाइक अस."

मी मान डोलावली. आंट पर्लनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. चाळीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईला गृहपाठ न करणारी पोर बरोबर दिसते.

आत दिवाणखान्यात, टीव्हीच्या वर, एक चौकट टांगली होती. मला वाटलं कुणाचा तरी फोटो. जवळ जाऊन बघते तर जुन्या हस्ताक्षरातल्या यादीची प्रत. नांगर दोन, बैलजोडी एक, खेचर एक, आणि त्याखाली, 'हॅना, मुलगी, वय नऊ.' मालक वारला तेव्हा केलेली त्याच्या मालमत्तेची यादी.

"ती आमची हॅना," लॉरेटा म्हणाली. "आंट पर्लच्या आजोबांची आई. चौदा वर्षांची होती सुटली तेव्हा."

मी म्हटलं, "आणि हे तुम्ही दिवाणखान्यात लावलं?"

"मग कुठे लावायचं?"

आमच्याकडे असा कागद असता तर आईनं ट्रंकेच्या तळाशी ठेवला असता आणि मी तो हरवला असता, मुद्दाम. पण खरं म्हणजे आमच्याकडे कागदच नाही. माझ्या आजीचं नाव कुठल्याही यादीत नाही, बैलांच्यासुद्धा नाही. त्या चौकटीसमोर उभी राहून मला हेवा वाटला. कशाचा, तर गुलामांच्या यादीचा! स्वतःचीच लाज वाटली, पण हेवा काही गेला नाही.

शनिवार, सकाळ

सकाळी आठला आम्ही मैदानावर. पेकानची मोठाली झाडं आणि त्यांच्याखाली लांबच लांब टेबलं. ही जमीन सुटलेल्या माणसांनी वर्गणी काढून विकत घेतली होती, त्यांना गावच्या बागेत सण करू देत नव्हते म्हणून. एका टोकाला लॉरेटाचा भाऊ पिंपाएवढ्या मोठ्या भट्टीपाशी उभा होता, आत मांस आदल्या दिवसापासून धुरावर शिजत होतं. त्यानं झाकण उचललं आणि धूर माझ्या नाकात गेला.

माय वो! तीस वर्षांपूर्वीचं आमचं कौल. आजोबा कौलावर मांसाच्या पट्ट्या वाळत घालायचे, त्याला आम्ही चान्या म्हणतो. पावसाळ्यात भाजी नसली की चुलीत भाजायच्या, वर मीठ-तिखट. तोच वास, अगदी तोच. माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

त्यानं एक काप सुरीवर धरून मुग्धापुढे केला. मुग्धा दोन पावलं मागे सरली. "बीफ? नो नो, थँक यू, वी डोन्ट." आणि तिनं माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं, आपण आपल्या मैत्रिणीला वाचवतोय.

"मी टू," मी म्हटलं. रियाही म्हणाली, "मी टू." तिला लहानपणापासून मीच तसं शिकवलेलं. त्या माणसानं खांदे उडवले, काप स्वतःच्या तोंडात टाकला आणि बोटं चाटली. माझ्यासमोर! त्या क्षणी मला त्याच्याइतका भाग्यवान माणूस जगात दुसरा दिसत नव्हता.

दहाला मिरवणूक निघाली. पुढे लाल शर्ट घातलेले घोडेस्वार, मग शाळेचा बँड, मग फुलांनी सजवलेला ट्रॅक्टर, त्यावर चर्चच्या बायका हॅट घालून पंख्यानं वारा घेत बसलेल्या. सगळं लाल. लाल फिती, लाल केक, लाल स्ट्रॉबेरीचा सोडा. लाल का, म्हणून आंट पर्लला विचारलं, तर म्हणाली, "कोणी म्हणतं सांडलेल्या रक्तासाठी. मी म्हणते, छान दिसतो म्हणून." आमचा रंग निळा. आमच्या मिरवणुकीत निळा गुलाल उधळतात, तो आठवडाभर केसांतून जात नाही. शाळेत असताना मी पंधरा एप्रिलला तीनदा न्हायची, कारण वर्गातल्या पोरी विचारायच्या.

मिरवणुकीच्या अगदी पुढे गावच्या गोऱ्या शेरिफची गाडी होती. शेरिफ खिडकीतून हात हलवत होता, दुसऱ्या हातात लाल सोड्याची बाटली. आमच्या मिरवणुकीलाही पोलीस असतात. पण त्यांची तोंडं आमच्याकडे वळलेली असतात. मी त्या शेरिफचाही हेवा करून घेतला, आता उरलंच काय होतं.

मुग्धा फोटो काढत होती. "अगं, काय एनर्जी आहे यार! आपल्या गणपतीत पोरं नुसती समोसे खायला येतात. असं काहीतरी आपलं पण पाहिजे ना." मी म्हटलं, "हो ना."

शनिवार, दुपार

मैदानात सगळे बसले. रियाच्याच वयाची एक मुलगी उठली आणि तिनं तो मुक्तीचा हुकूम पाठ म्हणून दाखवला, न अडखळता. मग टेबलांवर जेवण मांडलं, पण कुणी हात लावीना. मला कडकडून भूक लागली होती. लॉरेटा म्हणाली, "आधी हजेरी."

त्यांची हजेरी अशी. इथे ज्यांनी तो हुकूम ऐकला त्या माणसांची नावं आंट पर्ल एकेक करून माइकवरून पुकारते. ज्या घराचं नाव येईल त्या घरचे सगळे उभे राहतात, तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत, आणि एका आवाजात ओरडतात, "हिअर!" हजर. प्रत्येक घराचे टी-शर्ट वेगळे, छातीवर त्या माणसाचं नाव. नुसतं नाव असतं तरी मी समजले असते. खाली काय लिहिलंय? अमका, विकला गेला. अमकी, वय नऊ, यादीत बैलांच्या खाली. जे मी बारा वर्षं पोटात दाबून बसले होते, ते यांनी छातीवर छापून इस्त्री करून घातलं होतं. दोन वर्षांचं एक शेंबडं पोर बापाच्या खांद्यावरून "हिअर!" म्हणून किंचाळलं, आणि खरं सांगते, मला त्या पोराचा इतका राग आला की मी नजर वळवली.

घरं संपल्यावर पाहुण्यांची पाळी. पाहुण्यांनी आपली माणसं सांगायची आणि मगच ताट घ्यायचं, असा तिथला नेम. मुग्धा गेली, पणजोबा वैद्य, टाळ्या पडल्या. मग आंट पर्लनं माइक रियापुढे धरला. "अँड यू, बेबी? हू आर युअर पीपल?"

रियानं माझ्याकडे बघितलं. तिनं दोन्ही खांदे वर केले. "वी आर फ्रॉम इंडिया. वी डोन्ट हॅव एनिथिंग लाइक धिस. वी आर जस्ट, लाइक, रेग्युलर."

लोक हसले, प्रेमानं. आंट पर्लनं तिची पाठ थोपटली. "कुणीही बिनमाणसांचं नसतं, बाळा. आज उसनी देते तुला आमची." असं म्हणत तिनं खोक्यातून एक लाल टी-शर्ट काढला आणि रियाच्या डोक्यातून खाली ओढला. छातीवर 'हॅना'. लॉरेटानं रियाला आपल्या रांगेत उभं केलं. आंट पर्लनं फक्त तिच्यासाठी ते नाव परत पुकारलं.

"हॅना!"

"हिअर!" रिया ओरडली. एवढ्या मोठ्यांदा मी तिला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. गणपतीच्या आरतीला तिचा ओठ हलत नाही. तिचा चेहरा असा उजळला होता की बघवेना.

माझी पोरगी. काशाबाईची पणती. काशाबाई हे नाव तिच्या कानावर एकदाही न पडलेली माझी पोरगी, दुसऱ्या कुणाच्या तरी खापरपणजीसाठी हजर म्हणून ओरडत होती. आणि ते शिकवणारी मी नव्हते, टेक्सासातली एक म्हातारी होती.

मी उठले. हे धैर्य वगैरे होतं असं कुणी समजू नये. मला हेवा अनावर झाला, बस्स. माझी चीज कुणी उचलून नेली की मी उठते, नागपूरच्या नळावर तसं उठावंच लागायचं. मी माइकपाशी गेले आणि तो जवळजवळ हिसकावून घेतला. मागून मुग्धाचा आवाज आला, "अगं, काय करतेस?" माझ्या तोंडून खास नागपुरी निघालं, "सांगून राहिली ना मी!" तेही माइकमध्ये. कुणाला काही कळलं नाही.

मग मी इंग्लिशमध्ये सांगितलं. वाईट सांगितलं. मी म्हटलं, माझ्या आजीचं नाव काशाबाई. तिला गावच्या विहिरीला हात लावायची परवानगी नव्हती. ती घागर घेऊन लांब उभी राहायची, आणि कुणाच्या मनात आलं तर ते वरून पाणी ओतायचे. कुणाच्या मनात नाही आलं, तर दिवसभर. आमच्या गळ्यात साखळी नव्हती, पण आमची सावली पडली तर लोक आंघोळ करायचे. छप्पन साली नागपूरच्या एका मैदानावर लाखो लोकांनी ठरवलं की आता बास, आणि त्या धर्मातून ते बाहेर पडले. सगळ्यांनी पांढरं नेसून यायचं होतं. माझ्या आजीकडे पांढरं लुगडं नव्हतं. तिनं आपलं हिरवं लुगडं सोड्यात उकळून उकळून पांढरं केलं आणि सात वर्षांच्या माझ्या आईचा हात धरून चालत गेली. दोन दिवस चालत. "हे मी अमेरिकेत आजवर कुणाला सांगितलेलं नाही," मी म्हटलं. "माझ्या मुलीलाही नाही. तिची माणसं आहेत. उसनी नकोत."

शेवटचं वाक्य उद्धट झालं, मला कळलं. पण आंट पर्ल म्हणाली, "म्म-हं." मग मागून कुणी म्हणालं, "टेल इट." मग आंट पर्लनं माइक परत घेतला, माझं तोंड आपल्याकडे वळवलं, दोनदा विचारून नाव नीट बसवलं आणि पुकारलं, "काशाबाय!"

मी एकटीनं म्हटलं, "हिअर." आवाज कसला, नुसती वाफ. रियाकडे बघितलं. ती हॅनाच्या रांगेत तशीच उभी होती. तोंड घट्ट मिटलेलं.

मी ताट घेतलं आणि सरळ त्या भट्टीपाशी गेले. तीन काप घेतले. मुग्धासमोर बसून खाल्ले. चान्यांची सर नाही, पण जवळपास.

मुग्धा बराच वेळ बटाट्याचं सॅलड चमच्यानं इकडून तिकडे करत होती. शेवटी म्हणाली, "मला सांगायचंस की गं. मला काय फरक पडतो?"

"तुला पडत नाही, तेच तर ना," मी म्हटलं. "मला तुझा हेवा वाटतो त्याचा. तुला कुणी विचारलं की तू नुसतं सांगतेस."

तिचे डोळे भरले. मला दया आली नाही, आधी जरा बरंच वाटलं. मग थोड्या वेळानं ती म्हणाली, "आणि दर एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणतेस ती?"

"ती मला आवडते."

ती हसली, मीही हसले, पण पूर्वीसारखं नाही. पुढे काय होईल ते कॅरीत गेल्यावर कळणार होतं. (झालं ते एवढंच, की काही काकू आता जास्तच गोड बोलतात आणि एक बोलत नाहीत. मुग्धा अजून येते. खिचडीही मागते.)

शनिवार, संध्याकाळ

हायवेवरच्या मोटेलवर आलो. सात वाजून गेले तरी लख्ख ऊन होतं. मुग्धा आत जाऊन पडली. रिया बाहेर पार्किंगच्या कठड्यावर बसली होती, अजून तो लाल टी-शर्ट घालून. मी शेजारी बसले. मी मनात सगळी तयारी केली होती. जात म्हणजे काय, हे अकरा वर्षांच्या पोरीला इंग्लिशमध्ये कसं सांगायचं, विहीर कशी सांगायची, मी का लपवलं ते कसं सांगायचं.

तिनं त्यातलं काही विचारलं नाही. तिनं विचारलं, "सो व्हेन इज इट? अवर्स?"

"चौदा एप्रिल. आणि एक दसऱ्याच्या दिवशी."

"एप्रिल इज ओव्हर."

"हो, झाला."

"डिड यू डू एनिथिंग?"

नाही म्हणता आलं असतं. बारा वर्षांची सवय होती. पण त्या दिवशी एकदा खरं बोलल्यावर जीभच वळेना. मी म्हटलं, "सकाळी ऑफिसला जाण्याआधी गॅरेजमध्ये गाडीत बसते आणि आजीला फोन करते. तिकडे संध्याकाळ असते. ती खिडकीतून रिसीव्हर बाहेर धरते आणि मला मिरवणूक ऐकवते."

"एव्हरी इयर?"

"दर वर्षी."

ती बोटांवर काहीतरी मोजत होती. मग एकदम तिचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ती रडायलाच लागली. "इलेव्हन टाइम्स," ती म्हणाली. "यू डिड इट इलेव्हन टाइम्स. विदाउट मी."

मी तिला जवळ घ्यायला गेले तर तिनं मला ढकललं. घरात एक सण होता आणि त्याला तिला बोलावलंच नव्हतं, हे तिला सहन होत नव्हतं. मी एवढी वर्षं तिला कशापासून तरी वाचवत होते, असा माझा समज. मी पर्समधून फोन काढला, इंडियाचं कॉलिंग कार्ड काढलं, ते लांबलचक आकडे दाबले. नागपुरात रविवारची पहाट, साडेपाच वाजले होते. आई उठलेलीच असते.

"आई, रियाला बोलायचंय," एवढंच म्हणून मी फोन तिच्या हातात दिला.

रियानं नाक पुसलं. माझ्याकडे पाठ केली. मग तिच्या त्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आजी, काशाबाई कोण होती? तू सांग. आई नीट नाही सांगत."

मी म्हटलं, "स्पीकरवर टाक ना, मीही ऐकते."

"नो. तू ऑलरेडी ऐकलंय," ती म्हणाली आणि उठून चालायला लागली, पार्किंगच्या पार दुसऱ्या टोकाला, वाळक्या गवतापर्यंत. तिथे मांडी घालून बसली. आई पलीकडून काय सांगत होती ते मला ऐकू येत नव्हतं. सात वर्षांची असताना दोन दिवस चाललेली बाई ती, तिच्याकडे माझ्यापेक्षा कितीतरी जास्त असणार, मला न सांगितलेलंही असणार. मला फक्त रियाचं अधूनमधून ऐकू येत होतं, "मग?" आणि थोड्या वेळानं पुन्हा, "मग?" लहानपणी झोपताना ती मला असं विचारायची. आता कित्येक वर्षांत विचारलं नव्हतं.

तिथे उन्हात उभी राहून मला माझ्या आईचा हेवा वाटला, त्या तीन दिवसांतला सगळ्यात मोठा. कार्डावरची मिनिटं संपत आली की मध्येच एक बाई बोलते आणि फोन तुटतो. मी पर्समधून दुसरं कार्ड काढलं आणि त्यावरची चंदेरी पट्टी नखानं खरवडत रियाकडे चालू लागले.